फडावरचा राखणदार आणि चैत्र-वैशाखाचे ऊन

या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खताचे हप्ते, पाचट, हुमणी असेच विषय मांडत आलो. या वेळचा मथळा वाचून काही सभासद हसतील. "शेती खात्याला आता कुत्र्याशिवाय विषय उरला नाही वाटतं," असेही कोणी म्हणेल. हसायला आमची हरकत नाही. फक्त लेख शेवटपर्यंत वाचावा, एवढी विनंती आहे. कारण यात एक चूक आमच्या स्वतःच्या पदरची आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही.

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. मार्च संपत आला होता. बीडकडील एक टोळी हिशेब उरकून गावी निघाली. ट्रॅक्टरला दोन ट्रेलर. त्यात कोप्यांचे बांबू, सरपण, भांडी, शेळ्या, कोंबड्यांचा डालगा आणि त्या पसाऱ्यावर माणसे. मागच्या ट्रेलरच्या शेवटच्या कोपऱ्यात, उघड्या पत्र्यावर, एक तांबडे कुत्रे उभे होते. गळ्यात नायलॉनची दोरी आणि दोरीचे दुसरे टोक ट्रेलरच्या गजाला बांधलेले.

ते कुत्रे आम्ही पाच महिने पाहत होतो. त्याचे नाव वाघ्या. नवरा-बायको पहाटे अंधारात कोयता घेऊन फडात जायची. तीन वर्षांचे पोर कोपीत झोपलेले असायचे आणि वाघ्या कोपीच्या तोंडाशी बसलेला असायचा. आम्ही पाहणीला गेलो, तरी पोराच्या आईने हाक दिल्याशिवाय तो आम्हाला चार पावले पुढे येऊ देत नसे.

निघताना मुकादमाला आम्ही रामराम केला. पुढच्या हंगामाला वेळेवर या, म्हणून सांगितले. गळ्यातली दोरी आम्हाला दिसली होती. दुपारचा एक वाजला होता, हेही कळत होते. बोललो मात्र नाही. पंधरा ट्रॅक्टर निघायचे असतात, कुत्र्याचे काय बोलायचे, असे वाटले.

पुढच्या नोव्हेंबरात टोळी परत आली. कोपी उभी राहिली, पण कोपीच्या तोंडाशी कोणी नव्हते. विचारले तेव्हा ती बाई म्हणाली, "साहेब, ईस-बावीस किलोमीटर गेल्यावर त्यानं भाईर उडी घेतली. टॅक्टरच्या आवाजात कोनाला कळलंच न्हाई. थांबलो तवा पाह्यलं." थोड्या वेळाने म्हणाली, "तुमी व्हते की तितं, आमी निगालो तवा."

तिने ठपका ठेवला नव्हता. सहज बोलली होती. पण ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. वाघ्याने उडी का घेतली असेल, हे पुढे विचार केल्यावर कळले. एप्रिलच्या तोंडावर भर दुपारी ट्रेलरचा पत्रा चटके देतो. त्यावर अनवाणी उभे राहून पाहावे. सावली नाही, पाणी नाही, बसायला जागा नाही. जनावर खाली जमीन शोधणारच. दोरी जमिनीपर्यंत पुरली नाही, एवढेच.

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही

सगळ्याचे मूळ इथे आहे. माणसाला सर्वांगाला घाम येतो आणि वारा लागला की अंग गार होते. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पायाच्या तळव्यांना, आणि तोही नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याजवळ एकच मोठे साधन आहे. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकणे. जिभेवरचा ओलावा हवेत उडतो आणि त्यातून त्याचे अंग निवते.

आता हे ध्यानात घ्या. हवा जितकी दमट आणि कोंडलेली, तितका हा ओलावा उडत नाही. आपला उसाचा पट्टा पाण्याखालचा. भरणी झालेल्या उसात, सरीला पाणी चालू असताना, आत वारा नसतो आणि उबारा असा असतो की माणसाचा जीव घाबरा होतो. बाहेर कोरड्या माळावर टिकाव धरणारे कुत्रे अशा उसात मालकामागे फिरून लवकर थकते. त्यामुळे "उसात गारवा असतो, कुत्रं पडंल तिथं" हा समज सोडून द्यावा. गारवा झाडाखाली, वाऱ्याच्या वाटेवर असतो.

कुत्र्याच्या अंगाची उष्णता निरोगी असताना सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. म्हणजे आपल्याहून जास्तच. म्हणून नुसता हात लावून "अंग गरम लागतंय" एवढ्यावर निदान करू नये. पण ती १०४ च्या वर गेली की धोका आणि १०६ च्या पुढे गेली की आतले अवयव निकामी होऊ लागतात. मग जनावर तासाभरात हातचे जाते.

गावठी आणि आपल्याकडची कारवानी कुत्री सडपातळ, आखूड केसांची असल्याने ऊन बऱ्यापैकी काढतात. हल्ली तरुण सभासद हौसेने लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड, पग आणतात. त्यांना आपला उन्हाळा जड जातो. त्यातही पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला धाप नीट टाकताच येत नाही. म्हातारे, लठ्ठ आणि अगदी लहान पिल्लू यांचीही तीच गत. अशांना सकाळी दहा ते संध्याकाळी पाच घराबाहेर काढूच नये. दाट, दुहेरी केसांच्या कुत्र्याचे उन्हाळ्यात मुंडण करण्याची चूकही करू नये. तो केस उन्हापासून कातडीचे रक्षणही करतो. विंचरून मेलेले केस काढावेत, तेवढे पुरे.

वस्तीवर काय करावे

पहिली गोष्ट सावलीची. वस्तीवर कुत्रे सकाळी सावली बघून बांधतात आणि सगळे रानात जातात. सावली मात्र एका जागी राहत नाही. सकाळी आठला जिथे आंब्याची सावली, तिथे दुपारी दोनला ऊन. त्यात साखळी झाडाला किंवा खुंट्याला गुंडाळून वीतभर उरलेली आणि पाण्याचे भांडे कलंडलेले. उन्हाळ्यात वस्तीवर कुत्री दगावतात, त्यातली बरीच अशी दगावतात. उपाय सोपा आहे. दोन झाडांच्या किंवा खांबांच्या मध्ये जाड तार ओढावी, तारेत कडी घालावी आणि साखळी त्या कडीला लावावी. कुत्रे सावलीबरोबर सरकत राहते. कुंपण चांगले असेल तर दिवसा मोकळेच सोडावे.

पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी कुत्रे कोंडू नये. तेच शेड वापरायचे असेल तर पत्र्यावर पाचटाचा जाड थर अंथरून दोरीने आवळावा आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. जमीन मातीची असेल तर दुपारी त्यावर चार तांबे पाणी शिंपडावे. नळाशेजारी किंवा हौदाखाली कुत्रे खड्डा उकरून पडते, तेव्हा हाकलू नका. त्याने आपली सोय आपण केलेली असते.

दुसरी गोष्ट पाण्याची. साधारण वीस किलो वजनाच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटरभर पाणी लागते. उन्हाळ्यात आणि फिरतीवर त्याहून बरेच जास्त. भांडे मातीचे किंवा सिमेंटचे, जड बुडाचे असावे, म्हणजे कलंडत नाही आणि पाणी तापत नाही. लोखंडी घमेल्यातले पाणी उन्हात चहासारखे होते. पाणी रोज बदलावे. भाकरी सकाळी लवकर आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर द्यावी. दुपारी भरल्या पोटी कुत्रे जास्त तापते.

इथे आमच्याच खात्याच्या सल्ल्याबद्दल एक सावधगिरी सांगितली पाहिजे. वळवाच्या पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे निघतात, त्यासाठी प्रकाश सापळे लावा, असे आम्ही दरवर्षी सांगतो. दिव्याखालच्या टबात रॉकेल किंवा औषध मिसळलेले पाणी असते. तहानलेले कुत्रे किंवा वासरू त्यात तोंड घालते. टब उंचावर ठेवावा, सभोवती काटेरी फांद्या लावाव्यात आणि पहाट झाली की भुंगेरे व पाणी खड्ड्यात पुरून टाकावे. औषधाचे रिकामे डबे धुऊन त्यात कुत्र्याला पाणी ठेवणे तर कधीच करू नये.

तिसरी गोष्ट रात्रीची. उन्हाळ्यात रात्रीही उकडते, म्हणून कुत्रे अंगणाच्या टोकाला, गार जागी बांधतात. ज्या शिवारात बिबट्याचा वावर आहे तिथे बांधलेले कुत्रे म्हणजे ताटात वाढलेले जेवण. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. हंगामाच्या अखेरीस ऊस तुटत जातो, तशी बिबट्याची लपण कमी होते आणि तो वस्तीच्या आसपास दिसतो. रात्री कुत्रे जाळी लावलेल्या, वारा खेळणाऱ्या आडोशाला ठेवावे. कुत्रे वाचते आणि बिबट्याला अंगणात येण्याची सवयही लागत नाही.

अड्ड्यावरची डुलकी

कारखान्याच्या गाडी अड्ड्यावर नंबरात उभ्या असलेल्या ट्रॅक्टर-ट्रेलरखाली भर दुपारी कुत्री झोपलेली असतात. तिथे सावली असते, म्हणून ती जातात. नंबर पुढे सरकला की चालक गाडी ओढतो आणि चाकाखाली काय होते ते सांगायला नको. सर्व वाहनमालक सभासदांनी आपल्या चालकांना एवढे सांगावे: गाडी हलवण्याआधी एकदा खाली वाकून पाहा, इंजिन सुरू करून हॉर्न द्या आणि मग गिअर टाका. दहा सेकंदांचे काम आहे. कधी कधी त्या सावलीत टोळीतले लेकरूही झोपलेले असते, हे विसरू नये.

टायरगाडीवाल्यांची कुत्री गाडीखालून, बैलांच्या सावलीत चालतात. ही जुनी पद्धत चांगली आहे, पण रस्ता आता मातीचा राहिला नाही, डांबरी झाला. बैलाच्या पायाला पत्री असते, कुत्र्याच्या तळव्याला काही नसते. हाताचा पंजा उलटा करून डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला टेकवत नसेल, तर कुत्र्याला त्यावरून चालवू नये. गाडीत घ्यावे.

प्रवासाला नेताना

'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' अशी आपल्याकडे म्हण आहे. कुत्र्याचा प्रवास असाच होतो. माणसे निघाली म्हणून तेही निघाले. त्याची वेगळी तयारी कोणी करत नाही. ती अशी करावी.

गळ्यात दोरी बांधून वाहनावर कधीही नेऊ नये. दोरी लांब असेल तर ते बाहेर उडी मारून लटकते, आखूड असेल तर धक्क्याने गळा आवळतो. सगळ्यात उत्तम म्हणजे लाकडी फळ्यांचे किंवा बांबूचे, चारी बाजूंनी फटी असलेले खोके. कुत्र्याला त्यात उभे राहता, वळता आणि आडवे होता आले पाहिजे. खोके नसेल तर छातीवरून आणि पाठीवरून जाणारा पट्टा घालावा आणि दोर ट्रेलरच्या मध्यभागी असा बांधावा, की कुत्र्याचे पुढचे पाय बाजूच्या फळीवर पोहोचणार नाहीत. खाली पाचट आणि त्यावर ओले पोते. वर कापडाची सावली. मागच्या टोकाला ठेवू नये. तिथे धूळ, धूर आणि धक्के जास्त.

निघण्यापूर्वी तीन-चार तास भाकरी देऊ नये, पाणी मात्र द्यावे. निघताना थोडे फिरवून आणावे. शक्यतो ऊन उतरल्यावर किंवा पहाटे निघावे. बीड, पाथर्डीकडचा रस्ता ट्रॅक्टरला काही एका दमात सरत नाही. जनावरांच्या वाहतुकीचे सरकारी नियम १९७८ पासून आहेत. त्यांत लांबच्या प्रवासात कुत्र्याला उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. आम्ही म्हणतो, चहाला थांबाल तेव्हा त्यालाही पाजा. चार तासांचा हिशेब ठेवण्याची गरजच पडणार नाही.

आता लग्नसराईचे. पुष्कळ सभासदांकडे आता जीप, मोटारी आहेत. "पाच मिनिटांत अक्षता टाकून येतो" म्हणून कुत्रे बंद मोटारीत ठेवले जाते. उन्हात उभ्या बंद मोटारीत पहिल्या दहा मिनिटांतच आतली उष्णता दहा अंश सेल्सिअसच्या आसपास चढते आणि पुढे चढतच राहते. काच चार बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. आणि आपल्याकडच्या लग्नात पाच मिनिटांत कोण परत आले आहे? कुत्र्याला घरी ठेवावे, शेजाऱ्याला पाणी बघायला सांगावे.

काही टोळ्या, आणि काही सभासदही, जागा बदलताना कुत्रे मागेच सोडून जातात. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याप्रमाणे हा गुन्हा आहे. जनावर उपाशी, तहानलेले ठेवणे हाही आहे. पण कायदा बाजूला ठेवला, तरी मोकळ्या झालेल्या कोप्यांच्या जागेवर आठ-आठ दिवस वाट बघत बसलेले कुत्रे आम्ही पाहिले आहे. ज्याने पाहिले, त्याला कायदा सांगावा लागत नाही.

ऊन लागल्यास काय करावे

खुणा अशा: धाप थांबत नाही, लाळ घट्ट व चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, चाल लटपटते, उलटी किंवा जुलाब होतो, शेवटी आडवे पडते व झटके येतात.

अशा वेळी आधी गार करावे आणि मग दवाखान्यात न्यावे. उलटे केले तर वाटेतच जाते. सावलीत, वाऱ्यावर आणावे. विहिरीचे, बोअरचे, हौदाचे, मिळेल ते साधे पाणी सर्वांगावर ओतत राहावे. पोट, जांघा, बगला भिजतील असे पाहावे. नाकातोंडात पाणी जाऊ देऊ नये. पाणी ओतताना सुपाने, पुठ्ठ्याने वारा घालावा. ओले पोते अंगावर झाकून ठेवू नये. ते थोड्या वेळात तापते आणि उष्णता आतच कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी समोर ठेवावे, बळेच घशात ओतू नये. धाप कमी झाली, उठून बसले, तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावेच. वरून बरे दिसणारे जनावर दुसऱ्या दिवशीही दगावते.

इथेच एका गैरसमजाबद्दल बोलतो. "उन्हानं कुत्रं पिसाळतं" असे गावोगाव म्हणतात. ते खरे नाही. पिसाळणे हा विषाणूचा रोग आहे आणि तो रोगी जनावराच्या चाव्यातून येतो, उन्हातून येत नाही. पण ऊन लागलेले कुत्रेही लाळ गाळते, लटपटते, आणि लोक काठ्या घेऊन धावतात. राखण करणारे कुत्रे तहानेने पडावे आणि आपल्याच माणसांनी ते ठेचावे, यासारखे दुर्दैव नाही. म्हणून आधी पाहा. ते कोणाचे, लस टोचलेले आहे का, गेल्या तासाभरात उन्हात बांधलेले होते का, प्रवासातून आले का? तसे असेल तर लांबूनच बादलीने पाणी मारा. तोंडाजवळ हात नेऊ नका. अनोळखी कुत्रे असेल, अंगावर येत असेल, तर लांब राहा, लेकरांना आत घ्या आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कोणाला चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करावी. यात चालढकल करू नये. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस द्यावी आणि पुढे दरवर्षी टोचावी. उन्हाळ्यात वाढणाऱ्या गोचिडांचाही बंदोबस्त त्याच फेरीत करून घ्यावा.

सभासद बंधू-भगिनींनो, यात पैशाचे काम फारसे नाही. एक तार, एक कडी, एक जड कुंडी, एक खोके, आणि निघताना मागे वळून पाहण्याइतका वेळ. आपला ऊस तोडणारी माणसे तीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरून येतात. त्यांच्या लेकरांची राखण जे जनावर करते, ते आपल्याही फडाचे राखणदार आहे.

त्या बाईने गेल्या हंगामात आपल्या भागातूनच एक काळे पिल्लू घेतले. यंदा टोळी निघाली तेव्हा ते मोठे झालेले होते. आम्ही आदल्या दिवशी जुन्या फळ्यांचे खोके करवून घेतले आणि ते पुढच्या ट्रेलरच्या मधोमध, बोचक्यांमध्ये बसवले. मुकादमाला साडेपाचपर्यंत थांबवून ठेवले. तो थोडा कुरकुरला. पोर आता पाच वर्षांचे आहे. ते खोक्याला टेकूनच बसले आणि फटीतून हात आत घालून त्याला पाणी पाजत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुकादमाचा फोन आला. हिशेबाचे काहीतरी विचारायचे होते. ते झाल्यावर म्हणाला, "आन् साहेब, ती म्हनती, सांगा सायबाला, कुत्रं पोचलं."



— ऊस विकास अधिकारी, शेती विभाग